अंबरनाथचें देवालय आणि पांडवांची एक रात्र

कल्याणच्या पुढें वालधुनीच्या कांठीं अंबरनाथ येथें काळ्या पाषाणाचें जें शिवालय उभें आहे, तें कोणीं बांधलें असें यात्रेकरूस विचारावें. पांडवांनीं, आणि तेंहि एका रात्रींत, हें उत्तर ठरलेलें! उजाडलें म्हणून शिखर अपुरें राहिलें, अशी पुस्तीहि लगेच जोडली जाते.

ऐकीव गोष्टीहून लेखी पुरावा बलवत्तर, हा न्यायासनाचा नियम आहे. आणि येथें तो पुरावा उत्तरेकडील दारावरच्या तुळईवर कोरलेला आहे. डॉ. भाऊ दाजींनीं त्यांतील शक ७८२ वाचला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजींनीं तो ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा लाविला. दोनशें वर्षांचा फरक पडला, पण त्यामुळें कोणाचा धर्म बुडाला नाहीं! उत्तर कोंकणचे शिलाहार राजे छित्तराज व त्याचा भाऊ माम्वाणि यांचीं नांवें त्या लेखांत आहेत.

आतां काम पाहावें. मंडपाचें छत एकावर एक पुढें सरकविलेल्या दगडी कड्यांचें असून तें चार खांबांनीं तोललें आहे. मंडपांतून सुमारें वीस पायऱ्या खालीं उतरावें तेव्हां गाभारा लागतो, आणि तेथें मान वर करावी तों उघडें आकाश! बाहेरील भिंत कोनाकोनांनीं पुढें आलेली व मागें सरलेली असल्यानें ऊन एकेका मूर्तीवरून सरकत जातें. शिखरावर चार उभ्या पट्ट्या व त्यांमध्यें लहान लहान शिखरांच्या ओळी. ही भूमिज पद्धति माळव्यांत आणि आमच्या सिन्नरच्या गोंदेश्वरांतहि दिसते. दगडावर दगड बसला आहे तो चुन्यावांचून.

हें एका रात्रीचें काम म्हणणें म्हणजे ज्या पाथरवटांचीं आयुष्यें येथें झिजलीं त्यांची मजुरी दुसऱ्याच्या खातीं जमा करणें होय. शिवाय जें देवांनीं बांधलें तें देवच राखतील, असा आळसहि या कथेंतून उपजतो. १८६८ सालीं या कोरीव कामाचे ठसे काढविले ते परक्या मुंबई सरकारनें, हें आम्हांस भूषणावह नाहीं. आज देवालय पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखालीं आहे. पण नदीस कोण राखतो? कारखान्यांचें रासायनिक पाणी तींत येतें, आणि २०१४ सालीं उल्हासनगरांत तिच्या पात्रांतील विषारी वाफेनें शेंकडों लोकांस रुग्णालय गांठावें लागलें.

कथा सांगूं नये असें आमचें म्हणणें नाहीं; कथा म्हणून ती खुशाल सांगावी. परंतु महाशिवरात्रीच्या जत्रेंत कीर्तनकारांनीं तिच्यामागोमाग शके ९८२ चा लेखहि लोकांस समजावून द्यावा, आणि पुढच्या जत्रेपूर्वीं नदींत सांडपाणी सोडणाऱ्यांवर खटले भरले जातील अशी तजवीज नगरपालिकेनें करावी.