विश्लेषण : वीज गेली की यंत्राची वेळ का चुकते?

कारखान्याच्या फाटकावरचे हजेरी यंत्र किंवा सीसीटीव्हीचा रेकॉर्डर यांच्या आत अनेकदा लिनक्सवर चालणारा छोटा संगणक-बोर्ड असतो. वीज जाऊन परत आली आणि इंटरनेट नसेल, तर यातली काही यंत्रे थेट १ जानेवारी १९७० ही तारीख दाखवतात.

१९७० च का?

लॅपटॉप, डेस्कटॉपमध्ये वेगळे घड्याळ असते. वीज नसतानाही ते बॅटरीवर किंवा बटन सेलवर चालू राहते. खर्च आणि जागा वाचवण्यासाठी छोट्या बोर्डांवर ते बहुधा नसते. लोकप्रिय ‘रास्पबेरी पाय’च्या मुख्य मालिकेत ते २०२३ मध्ये, पाचव्या मॉडेलमध्ये आले, सेल मात्र वेगळा घ्यावा लागतो. लिनक्स १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते. वेळच ठाऊक नसेल, तर मोजणी शून्यापासून सुरू होते.

इंटरनेट पुरेसे नाही का?

जोडणी असेल तर ‘एनटीपी’ या पद्धतीने बरोबर वेळ मिळते. मात्र जोडणी नसेल किंवा कार्यालयाच्या फायरवॉलने एनटीपी अडवले असेल, तर यंत्र अडकते. शिवाय तारीख १९७० ची असेल, तर संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे ‘अजून लागू झालेली नाहीत’ असे समजून यंत्र सुरक्षित जोडणीही नाकारते.

धोका कुठे आहे?

यावरचा स्वस्त तोडगा म्हणजे शेवटची वेळ फाइलमध्ये जपणे आणि यंत्र सुरू होताना तीच लावणे. त्यामुळे १९७० टळते, पण वीज नसतानाचा काळ मोजला जात नाही. रात्री दोनला गेलेली वीज सकाळी आठला आली, तर आठला आलेल्या कामगाराची नोंद रात्री दोनची होते. १९७० ची चूक कोणाच्याही लक्षात येते. काही तासांची चूक खरी वाटते. त्यावरून पगार कापला गेला किंवा चोरीच्या चित्रणावरची वेळ पुरावा म्हणून मांडली गेली, तर दाद कुठे मागायची?

मग उपाय काय?

ज्या नोंदीवर कोणाचा पगार किंवा पुरावा अवलंबून आहे, त्या यंत्रात सेलवर चालणारे घड्याळ हवेच. ‘डीएस३२३१’सारखी चिप सामान्य तापमानात वर्षाला साधारण एखाद्या मिनिटापेक्षा जास्त चुकत नाही. दुसरे, वेळेची खात्री होईपर्यंतच्या नोंदींवर ‘वेळ अनिश्चित’ असा शेरा हवा. यंत्र सुरू झाल्यापासून किती सेकंद झाले, हे लिनक्स वेगळे मोजतच असते. तो आकडा प्रत्येक नोंदीसोबत जपला, तर बरोबर वेळ मिळताच मागच्या नोंदी दुरुस्त करता येतात.

खरेदीदारांनी दरपत्रक मागवतानाच एक प्रश्न विचारावा : वीज आणि इंटरनेट दोन्ही नसताना हे यंत्र वेळ कशी सांभाळते? उत्तर नसेल, तर त्या यंत्राच्या नोंदीवरून कोणाचा पगार कापू नये.