ग्राहकाचे माप

पहाटे दुकानांची दारे उघडण्यापूर्वीच खांदा कॉलनीतून कर्नाळ्याच्या दिशेने निघालेले सायकलस्वार दृष्टीस पडतात. त्यांच्यापैकी काहींची तयारी ट्रायथलॉनसाठी चाललेली असते. आधी पोहणे, मग सायकल, शेवटी धावणे आणि मध्ये विसावा नाही, असा हा खेळ. ऑलिंपिकमध्ये तो २००० साली सिडनी येथे प्रथम खेळला गेला. त्याच्या आयर्नमॅन या दीर्घ प्रकारात ३.८ किलोमीटर पोहून १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि त्यानंतर ४२.२ किलोमीटर धावायचे. पुण्याचे कौस्तुभ राडकर यांनी ही शर्यत अनेकदा पूर्ण करून पुढे प्रशिक्षकाचा मार्ग धरला. त्यामुळे आपल्या भागातील तरुणांनाही ती आवाक्यातील वाटू लागली आहे.

असा एखादा तरुण नवी सायकल घेण्यासाठी क्रीडासाहित्याच्या दालनात जातो, तेव्हा तेथील व्यवहार आपण व्यापाऱ्यांनी बारकाईने पाहण्याजोगा असतो. जाणता विक्रेता किमतीपासून आरंभ करीत नाही. शर्यत किती अंतराची, सराव किती दिवसांचा, पूर्वी गुडघा वा कंबर दुखली होती काय, हे तो आधी विचारतो. मग मापपट्टी घेऊन पायांची, धडाची व हातांची लांबी मोजतो. ग्राहकाला स्थिर सायकलवर बसवून पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किती वाकतो ते पाहतो. पाय पूर्ण ताठ झाला तर कंबर डुलते. फार वाकला तर गुडघ्यावर ताण येतो. सुमारे २५ ते ३५ अंशांचा बाक योग्य मानतात.

एवढी सूक्ष्मता कशासाठी? साध्या शर्यती सायकलीच्या बैठकीच्या दांड्याचा कोन सुमारे ७३ अंश असतो, तर ट्रायथलॉनच्या सायकलीचा ७६ ते ७८ अंश. स्वार त्यामुळे पुढे सरकून बसतो, कोपरे हँडलच्या आधारावर टेकवून वारा कापतो आणि धावण्यासाठी पायांचे बळ राखतो. सांगाडा एका मापाने जरी मोठा निघाला, तरी १८० किलोमीटरमध्ये मान, पाठ आणि खांदे त्याची किंमत मोजतात. ती पावतीवर कोठेही लिहिलेली नसते.

येथे ग्राहकालाही आपले परिग्रह-परिमाण आठवावे लागते. पहिल्याच वर्षी सर्वांत महाग कार्बनची सायकल घेण्याचे कारण नाही. साध्या रोड सायकलीला कोपर टेकवण्याचे जोड-हँडल लावूनही आरंभ उत्तम होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. वाचलेली रक्कम सायकल अंगमापाने बसवून घेण्यात घालावी. आपल्या घरच्या खेळाडूने आणखी दोन प्रश्न निःसंकोच विचारावेत. बैठक वा मुठीवरची पट्टी चामड्याची तर नाही? आणि शर्यतीत खाण्याच्या शक्तिवर्धक गोळ्यांत जिलेटिन किंवा मध तर नाही? वेष्टनावरील हिरवे चिन्ह जिलेटिनची शंका फेडते. मधासाठी मात्र घटकांची यादीच वाचावी लागते.

खरी परीक्षा होते ती विक्रेत्याची. समजा, ग्राहकाच्या मापाची सायकल दुकानात नाही. एक माप मोठी तेवढी शिल्लक आहे. 'बैठक थोडी खाली घेतली की चालेल,' एवढे म्हटले की सौदा होतो. ग्राहक नवखा असल्याने त्याला ते पटतेही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत आपल्या आचार्यांनी हीनाधिक मानोन्मान, म्हणजे घेताना एक माप आणि देताना दुसरे, यास स्पष्ट दोष म्हटले आहे. तराजूचा काटा सरळ ठेवणारे आपण या दोषापासून मुक्त आहोत, असे समजतो. परंतु ज्याला मध्यम मापाची वस्तू हवी, त्याला मोठी वस्तू 'तुमचीच' म्हणून देणे, हेही चुकीचे मापच नव्हे काय? वजन अचूक, बिल अचूक, कर भरलेला. आणि तरीही ग्राहकाला त्याचे हक्काचे मिळालेले नाही.

'आपले माप मागवावे लागेल, तीन आठवडे थांबा. घाई असेल तर दुसरीकडे पाहा,' असे सांगणाऱ्याची त्या दिवसाची विक्री बुडते. शर्यत महिन्यावर आली असेल, तर ग्राहकही कदाचित परतत नाही. हा तोटा खरा आहे आणि व्रत पाळणाऱ्याने तो जमेस धरूनच गल्ल्यावर बसावे. कपड्याचे दुकान असो, चष्म्याचे असो वा पादत्राणांचे, मालाचे माप आपण रोज घेतो. माल देण्यापूर्वी ग्राहकाच्या गरजेचेही माप घेतले, तरच अचौर्याचे व्रत आपल्या दुकानातही पाळले जाते.