अंधपंगुन्यायाच्या पलीकडे

पुरुष आणि प्रकृती यांचा संबंध समजावून देताना सांख्यकारिकेत आंधळ्या-पांगळ्याच्या जोडीचा दृष्टान्त येतो. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसून वाट दाखवतो, आंधळा चालतो. मुक्काम गाठल्यावर दोघे वेगळे होतात, हे गौडपादभाष्यातील पुढचे स्पष्टीकरण आपण सहसा विसरतो. तत्त्वज्ञानात हा न्याय समर्पकच आहे. अडचण होते ती तो जिवंत माणसांना लावला जातो तेव्हा. दोन अपंग तरुण जीव एकत्र दिसले की आपले मन हिशोब मांडू लागते : याचे उणे काय, तिचे काय, आणि बेरीज पूर्ण होते का? अपंगांच्या वधूवर मेळाव्यात वडीलधारी मंडळी 'एकमेकांना सांभाळून घेतील' म्हणतात, तेव्हा त्यांच्या सदिच्छेविषयी शंका नसते. परंतु सांभाळणे म्हणजे ओढ नव्हे.

'दोस्ती' (१९६४) हा चित्रपट या न्यायाचे निर्मळ रूप मानता येईल. पायाने अधू रामू आणि अंध मोहन ही दोन पोरकी मुले. एकाचा माउथऑर्गन, दुसऱ्याचा गळा. त्यांचे सख्य आजही डोळ्यांत पाणी आणते. मात्र पौगंडावस्थेतल्या या मुलांना देह आहे तो केवळ अपंगत्वापुरता. स्त्रिया येतात त्या आई, बहीण, मावशी या नात्यांनी. प्रेक्षकाची करुणा अबाधित राहावी म्हणून जणू दोघांना वासनेच्या अलीकडेच थांबवले आहे. सई परांजपे यांचा 'स्पर्श' (१९८०) करुणेलाच प्रश्न विचारतो, हे त्याचे मोठेपण. पण तिथला अंध नायक प्रौढ मुख्याध्यापक आहे आणि नायिका डोळस. सोळा-सतरा वर्षांच्या दोन अपंग मुलांनी एकमेकांकडे कसे पाहावे, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही.

तो येतो शोनाली बोस यांच्या 'मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ'मध्ये (२०१४). बोस यांची नात्यातली बहीण मालिनी चिब हिच्या आयुष्यावरून चित्रपटाची प्रेरणा घेतलेली आहे. मालिनीच्या आई मिठू अलूर यांनीच १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापन केली. चित्रपटातील लैला दिल्लीत शिकते. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, ती व्हीलचेअर वापरते. ध्रुव हा तिचा तसाच व्हीलचेअरवरचा मित्र. दोघांत मैत्री आहे, चोरटे चुंबनही आहे. पण लैलाचे मन जडते ते कॉलेजच्या बँडमधल्या धडधाकट मुलावर, आणि ध्रुव दुखावतो. सामान्यांच्या मागे लागून तू सामान्य होणार नाहीस, असा त्याच्या बोलण्याचा रोख असतो. हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. ध्रुवच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि तरीही ते अन्यायाचे आहे. कारण 'आपण दोघे सारखे, म्हणून तू माझी' हा त्याचा दावा मेळाव्यातल्या बेरजेहून फारसा वेगळा नाही. मन दुसरीकडे जाण्याची मुभा कोणत्याही तरुणीला असते, ती लैलाला का नसावी?

पुढे न्यूयॉर्कमध्ये तिला खानुम भेटते. खानुम अंध आहे. म्हणजे दृष्टान्तातली जोडी अक्षरशः जुळली. पण इथे कोणी कोणाच्या खांद्यावर बसत नाही. दोघी प्रेमात पडतात, लैला तिची प्रतारणा करते, कबुली देते, खानुम दुरावते. चुकण्याचा अधिकार मिळालेली अपंग नायिका आपल्याकडे विरळाच. (उत्तरार्धातले आईचे आजारपण मात्र मला पटकथेची सोय वाटते.)

ही आई मराठी आहे, लैला तिला 'आई' म्हणूनच हाक मारते. न्हाऊ घालण्यापासून सारे तीच करते. आणि लेकीचा संगणक उघडून तिने काय पाहिले, हेही तीच तपासते. खरी गाठ इथे आहे. ज्याला कपडे बदलायला दुसऱ्याचे हात लागतात त्याने गुपित ठेवायचे कुठे? प्रेमपत्र लिहायचे तर ते लिहून देणारा कोण?

हाच प्रश्न एका दूरच्या ठिकाणी मुलांच्याच तोंडून ऐकू येतो. 'क्रिप कॅम्प' (२०२०) या माहितीपटात १९७१ च्या उन्हाळ्यातले चित्रण आहे, न्यूयॉर्क राज्यातील कॅम्प जेनेड या अपंग मुलांच्या शिबिरातले. मुले आईवडिलांपासून दूर आहेत; खेळतात, सिगारेटी ओढतात, प्रेमात पडतात. एका गोलमेज गप्पांत पालकांच्या अतिकाळजीचा विषय निघतो. एक मुलगी बोलू लागते. तिचे उच्चार कळायला कठीण, वाक्य संपता संपत नाही. पण कोणी तिचे वाक्य तोडत नाही. शेवटी दुसरा एक जण उलगडून सांगतो की ती एकांताविषयी बोलते आहे.

मराठी कथाकारासमोरचा पेच मला इथे दिसतो. आपल्याकडे अपंग मुलाची कथा बहुधा आई, बाप वा शिक्षक सांगतो, आणि प्रेम सुरू होते ते नेमके या निवेदकाने खोलीबाहेर गेल्यावर. तो बाहेर गेला की त्या मुलीचे लांबणारे, अडखळणारे वाक्य कागदावर उतरवायचे कसे? टिंबे देऊन? की कंस टाकून कोणीतरी त्याचा अर्थ सांगून?