पहिली ऑर्डर कोण देणार?

सातवं सेमिस्टर सुरू झालं की इंजिनिअरिंग कॉलेजांत अभ्यासापेक्षा ॲप्टिट्यूड टेस्टची चर्चा जास्त. मेकॅनिकलची मुलं कोडिंगचे क्लास लावतात, शेजारीपाजारी पॅकेज विचारतात. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. घरावर शिक्षणाचं कर्ज असतं आणि कॉलेजची जाहिरातच प्लेसमेंटच्या आकड्यांवर चालते. अशा मुलांपुढे ‘नोकऱ्या मागू नका, द्या’ हे भाषण आपल्या कारखानदारांपैकी अनेकांनी केलं आहे. शाल-श्रीफळही घेतलं आहे.

त्या भाषणात लक्ष्मणराव किर्लोस्कर हमखास येतात. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावात सायकलींच्या धंद्यात उतरले, पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर केले. इथवर सगळे सांगतात. लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी सुरुवातीचे नांगर दोन वर्षं खपेनात, आणि बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधच्या पंतप्रतिनिधींनी माळरान दिलं म्हणून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, हा भाग मात्र घाईने उरकतात. लक्ष्मणरावांची जिद्द होतीच. माळ देणाराही कोणी होता.

आज ते काम आपलं आहे. कर्जाच्या योजना जिल्हा उद्योग केंद्रात आहेत, त्यांची माहिती मुलं मोबाइलवर काढतात. मिळत नाही तो खराखुरा प्रश्न आणि पहिली ऑर्डर. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तयार विकत मिळतो, हे प्राध्यापकांनाही ठाऊक आहे. त्यापेक्षा आपल्या शॉपवर बघा. क्लॅम्प नीट बसत नाही म्हणून ऑपरेटर जॉबखाली पत्र्याचा तुकडा सरकवतो, बोअर सरकतो, आणि महिनाअखेरीस रिजेक्शनच्या कारणात ‘ऑपरेटरची चूक’ लिहिली जाते. हा झाला प्रोजेक्ट! चार मुलांना दोन महिने त्या मशीनपाशी उभं राहू द्या. ड्रॉइंग त्यांनी काढावं, टूलरूमच्या मिस्त्रींच्या शिव्या खाव्यात. फिक्स्चर चाललं तर सर्टिफिकेटवर बोळवण न करता त्याचे पैसे द्यावेत. त्यांतला एखादा उद्या भोसरीत किंवा गोकुळ शिरगावला गाळा भाड्याने घेईल. बाकीचे तिघे नोकरी करतील; त्यात काही कमीपणा नाही.

आता जरा कडू. गाळा घेतलेल्या त्या पोराचं बिल आपण कधी चुकतं करतो? २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकरातलं कलम ४३बी(एच) लागू झालं, तेव्हा मुदत चुकवलेल्या रकमेची वजावटही पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत अडकू लागली. तरी ‘नव्वद दिवस ही बाजाराची पद्धतच आहे’ असं आपण बिनदिक्कत म्हणतो. नवा वर्कशॉपवाला भांडत नाही, कारण पुढची ऑर्डर जाईल. दोन वर्षांत तो शटर ओढून नोकरी धरतो आणि आपण म्हणतो, या पिढीत धमकच नाही.

यंदाही कॉलेजांची निमंत्रणं येतील. जरूर जा. जाण्याआधी अकाउंट्सकडून ४५ दिवसांवर थकलेल्या लहान पुरवठादारांची यादी मागवा आणि ती बिलं भागवूनच व्यासपीठावर चढा.