झोंबीचे हिट पॉइंट वाढवू नका!

मंडळी, विषय तसा चिल्लर आहे, पण बरेच दिवस डोक्यात घोळतोय. डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळवणाऱ्या कुठल्याही डीएमला विचारा, की बाबा रे, झोंबी आणि सांगाडे बघून आजकाल कुणी घाबरत नाही, काय करायचं? उत्तर ठरलेलं आहे. 'हिट पॉइंट दुप्पट कर.' जरा मुरलेला असला तर पुढे म्हणतो, 'क्लेरिकचं टर्न अनडेड यांच्यावर चालत नाही असं सांगून टाक.' माझ्या मते पहिलं उत्तर आळशी आहे, आणि दुसरं चक्क बेइमानी.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो, तो डीएम. बाकीचे एकेक पात्र होतात, आणि त्यांना एखादी गोष्ट जमली की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. १९७४ पासून हे चालू आहे. हिट पॉइंट म्हणजे अंगात किती जीव उरलाय त्याचा आकडा, आणि अनडेड म्हणजे मेलेले पण थांबायला तयार नसलेले. खालचे आकडे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतले आहेत. नंतरच्या सुधारित पुस्तकांत काही बदललेत, पण मुद्दा बदलत नाही.

आता साधा हिशोब. झोंबीचे हिट पॉइंट २२. तलवारीचा एक वार सरासरी सात-साडेसातचा, म्हणजे तीन वारांत तो आडवा. ४४ केले की सहा वार. चार झोंबी असतील तर बारा लागलेल्या वारांचे चोवीस होतात. मान्य, तेवढा वेळ तेही मारत राहतात, खेळाडूंचंही रक्त जास्त जातं. पण चौथ्या वाराला खेळाडूने असा कुठला निर्णय घेतला जो पहिल्या वाराला घेतला नव्हता? कुठलाच नाही. तोच लूप, फक्त काउंटर मोठा. आमच्या धंद्यात याला कुणी 'अवघड प्रोग्रॅम' म्हणत नाही, 'स्लो प्रोग्रॅम' म्हणतात.

गंमत म्हणजे झोंबीच्या नियमातच अक्कल भरलेली आहे, पण ती वाचतो कोण? झोंबी शून्यावर आला की त्याला एक फासा मिळतो. बसलेल्या घावात ५ मिळवून येणारा आकडा त्याने गाठला, तर तो १ हिट पॉइंटवर उभा राहतो. त्याच्या फाशाला ३ चा बोनस आहे. म्हणजे शेवटचा घाव ७ चा असेल तर तो उठण्याची शक्यता ६० टक्के. तोच घाव १५ चा असेल तर फक्त २० टक्के. आणि घाव दैवी तेजाचा असेल किंवा क्रिटिकल बसला असेल, तर फासाच नाही. आता खेळाडूला विचार करावा लागतो. मोठा वार आधी घालू की शेवटासाठी राखू? पडलेला खरंच पडलाय का? त्याच्याकडे पाठ करू का? हीच ती भीती, आणि ती पुस्तकात फुकट दिलेली आहे.

दुसरं उदाहरण शॅडो, म्हणजे जिवंत सावली. हिट पॉइंट अवघे १६. पण तिचा स्पर्श तुमची ताकद खातो, दर वेळी १ ते ४. ताकद शून्य झाली की माणूस मेला, मग हिट पॉइंट कितीही शिल्लक असोत. ज्या विझार्डची ताकद ८ आहे, तो सरासरी तीन-चार स्पर्शांत संपला. वर तो दुष्ट नसेल तर काही तासांत त्याचीही सावली उठते आणि मित्रांच्या मागे लागते! याच्यापुढे ४४ हिट पॉइंटचा झोंबी म्हणजे नुसतं पोतं. आपला वेताळ आठवा. विक्रमाला ते प्रेत उचलणं कधीच जड गेलं नाही. अडचण एवढीच, की उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोकं फुटेल, आणि बोललास तर मी परत झाडावर. वेताळाचे हिट पॉइंट कुणी विचारलेत का? त्याची ताकद नियमात आहे.

तिसरी गोष्ट वेळ. झोंबी हळू चालतो, कबूल. पण त्याला झोप, अन्न, पाणी, हवा काही लागत नाही. तुमच्या वीरांना मात्र पुन्हा ताजंतवानं व्हायला आठ तासांची विश्रांती लागते. मग त्यांना विहिरीच्या तळाशी बसवा, तळ्यातून वर आणा, रात्रभर दार ठोठावू द्या. आकड्याला हात न लावता मेलेल्याचा खरा फायदा वापरता येतो: त्याला घाई नाही.

आता त्या बेइमानीबद्दल. क्लेरिक खेळणाऱ्याने इतरांसारखी तलवार किंवा जादू न निवडता देवाची शक्ती निवडली, ती अशाच रात्रीसाठी. पाचव्या पातळीला तर ज्यांचा फासा हुकतो ते सांगाडे, झोंबी, शॅडो जागच्या जागी नष्ट होतात. तो हात उंचावतो आणि तुम्ही सांगता, 'यांच्यावर चालत नाही'? मग त्याने पात्र बनवताना जे वचन तुम्ही दिलंत त्याचं काय? अडवायचंच तर सरळ मार्गाने अडवा. ही शक्ती फक्त ३० फुटांपर्यंत पोचते, तेव्हा धनुष्यवाले सांगाडे दरीपलीकडे साठ फुटांवर उभे करा. पळालेले जास्तीत जास्त मिनिटभरच दूर राहतात, तेव्हा त्या मिनिटात करण्यासारखं काम ठेवा: पूल तोडायचा, कैदी सोडवायचा. शिवाय सुरुवातीच्या पातळ्यांना ही शक्ती एका विश्रांतीत एकदाच वापरता येते. ती या दारावर खर्च करायची की पुढच्या, हा त्याचा निर्णय असू द्या. त्याला जिंकू द्या, फक्त फुकट नको.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. 'असे नियम लावले तर नवे खेळाडू पटापट मरतील.' मरतील, जर तुम्ही लपवून ठेवलंत तर. म्हणून आधी दाखवा. गावातला धट्टाकट्टा लोहार, अंगावर ओरखडा नाही, पण मरताना हातोडाही उचलता येत नव्हता. पुजारी सांगतो, काल रात्री त्याची सावली भिंतीवर एकटीच फिरत होती. इतकं कळल्यावर जो माणूस मशाल न घेता तळघरात उतरतो, त्याने स्वतः ठरवून उतरलेलं असतं. भीती माहितीतून येते. अचानक सांगितलेल्या मोठ्या आकड्यातून नुसती चिडचिड येते.

शेवटी प्रश्न खेळाचाही नाही, वेळेचा आहे. आमच्या वयाच्या पाच जणांची एक रविवार संध्याकाळ जुळवायची म्हणजे कुणाचं ऑन-कॉल, कुणाच्या पोराचा ताप, कुणाचं सासरी जेवण, सगळं सांभाळून महिन्यातून एकदा तीन-चार तास मिळतात. त्यातला दीड तास 'लागला, सात, अजून उभा आहे' यात घालवायचा? त्यापेक्षा एकच सावली आणा. सोळा हिट पॉइंटची. आणि तिच्या आधी दिवा विझवा.

बघा, पटतंय का.