भोके जुळली म्हणजे चाक जुळले असे नव्हे

माझा भाचा वरळी कोळीवाड्यात जुन्या पिकअपवर मासळीची भाडी मारतो. पहाटे ससून डॉकवर जायचे, मावश्यांच्या टोपल्या भरायच्या आणि उजाडायच्या आत परतायचे. गाडीवर कर्ज आहे. गाडी बंद पडली तरी हप्ता थांबत नाही, घरची चूल मात्र थांबते.

मध्यंतरी त्याने त्याच कंपनीच्या नव्या मॉडेलची चार अलॉय चाके भंगारातून आणली. "मामा, कंपनीचीच आहेत. पाच भोकं, पाच बोल्ट. बसली की!" चौथ्या दिवशी हाजीअलीजवळ मागून टकटक आवाज येऊ लागला. उतरून पाहतो तर तीन नट ढिले आणि एक बोल्ट तुटलेला. केबिनमध्ये एक मावशी बसलेली होती. आणखी थोडे अंतर गेला असता तर काय झाले असते, ते लिहायला नको.

मी कारकून, मिस्त्री नव्हे. पण मिस्त्रीजवळ बसून हा हिशेब समजून घेतला. आपल्या अनेक घरांचा संसार टेम्पो-पिकअपवर चालतो, म्हणून तो येथे मांडतो.

पहिली बाब बोल्टांच्या वर्तुळाची. पाच बोल्टांच्या गाडीत शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांतील अंतर मोजून त्याला १.७ ने गुणावे. जुन्या विलीज जीपचे साडेपाच इंची वर्तुळ १३९.७ मिमीचे, तेथे हे अंतर सुमारे ८२ मिमी येते. ११४.३ मिमीच्या वर्तुळात ते ६७ मिमी असते. थोडासा फरक असला तरी ठोकून बसवू नये.

दुसरी बाब मधल्या भोकाची. ते हबपेक्षा लहान असेल तर चाक बसतच नाही. मोठे असेल तर चाक हबवर टेकत नाही, सारी भिस्त नटांवर राहते.

तिसरी बाब नट-बोल्टची. भाच्याचे येथेच चुकले. लोखंडी डिस्क पातळ, अलॉय जाड. जुने बोल्ट आखूड पडले आणि नट चार-पाच आट्यांवरच अडकला. बोल्ट जितका जाड, निदान तितक्या लांबीचे आटे नटात गेले पाहिजेत. १२ मिमीच्या बोल्टचे आटे दीड मिमीचे असतील तर पूर्ण आठ फेरे हवेत. नटाचा उतारही चाकातल्या खाचेशी जुळावा लागतो. त्यात मासळीच्या खाऱ्या पाण्याने हबवर गंजाचा थर धरलेला. तो दबला की नट ढिले होणारच. म्हणून आधी तारेच्या ब्रशने हब घासून घ्यावा.

चौथी बाब चाक आत किती, बाहेर किती याची. बाहेर आले तर बेअरिंगवर ताण येतो, आत गेले तर पाट्याला किंवा ब्रेकला घासते. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि गाडीत माल भरून पाहावे.

पाचवी बाब वजनाची. टायरवर मापाशेजारी एक आकडा असतो. ९१ म्हणजे ६१५ किलो, १०४ म्हणजे ९०० किलो. मागच्या आसावर १,८०० किलो येत असतील तर दोन टायरांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला ९०० किलो येतात. तेथे ९१ चा टायर कसा चालेल? रिमही तेवढ्या भाराची हवी.

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ही ध्यानात ठेवावे. नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. टायरचे माप बदलणार असाल तर आधी आरटीओत आणि विमावाल्याकडे विचारा.

स्टेपनी विसरू नका. ती जुनी लोखंडी असेल तर तिचे जुने नटही गाडीत हवेत. चाक बदलल्यावर नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत आणि ५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

भाच्याने त्या हबचे पाचही बोल्ट बदलले आणि जुन्या डिस्क परत चढवल्या. अलॉय निम्म्या किमतीत गेली. तो तोटा मी त्याच्या वहीत 'शिकवणी' या खात्यावर मांडला आहे. त्या मावशी अजून त्याच्याच गाडीने येतात, फक्त बसण्याआधी विचारतात, "नट बघितलेस का रे?"