जंगलाला तुमचा आठवडा नकोय

दर वर्षी मे महिना संपत आला की ऑफिसात कुणीतरी माझ्या डेस्कपाशी येऊन घुटमळतं. "तू जंगलात वगैरे जातोस ना? मला पण व्हॉलंटियरिंग करायचंय. एक आठवड्याची लीव्ह उरलीय. एखादं रेनफॉरेस्टवालं ठिकाण सांग ना." मग जरा आवाज खाली आणून, "राहणं-खाणं फ्री असतं ना? म्हणजे आपण काम फुकट करणार ना त्यांचं!"

गेली काही वर्षं मी हसून दोन-तीन नावं सांगत आलो. या वर्षी नाही सांगितली. समोरचा दुखावला. तर का नाही सांगितली, ते जरा सविस्तर.

आधी माझंच पाप सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मीही असाच गेलो होतो, तळकोकणातल्या एका जंगलात, झाडं मोजायच्या कामावर. आठ दिवस. नवे बूट, नवा हेडलॅम्प, जळवांसाठी खास मोजे. काम काय तर आखून दिलेल्या तुकड्यातल्या प्रत्येक झाडाच्या खोडाभोवती टेप लावायचा, आकडा सांगायचा, दुसऱ्याने तो लिहायचा. आमच्याबरोबर गावातले एक काका होते. झाडाच्या सालीला नख लावून वास घेऊन नाव सांगायचे. मी दमलो की म्हणायचे, "तुमी बसा, मी बघतंय." मला वाटायचं, किती प्रेमळ माणूस! सहाव्या दिवशी कळलं की आम्ही शहरी मंडळी दुपारी जेवून आडवी झालो की काका आणि तिथली एक संशोधक मुलगी आमची सकाळची झाडं पुन्हा मोजायचे. सगळी. रोज. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नव्हतं इतकंच.

आता तुम्ही म्हणाल, टेप लावायला काय अक्कल लागते? तेच तर. जगभर हे माप जमिनीपासून १.३ मीटरवर घेतात. पण सदाहरित जंगलातल्या मोठ्या झाडांना बुंध्याशी भिंतीसारखी आधारमुळं असतात, मग माप त्यांच्या वर घ्यावं लागतं आणि पुढच्या वेळी नेमकं त्याच जागी. असं झाड वर्षाला व्यासात एक-दोन मिलिमीटर वाढतं. तुमचा टेप एका वेलीवरून गेला, घेरात एक सेंटिमीटर जास्त आला, की व्यासात तीन मिलिमीटरची चूक. म्हणजे झाडाची दोनेक वर्षांची वाढ तुम्ही एका सकाळी जन्माला घातलीत! पनामामध्ये बारो कोलोरॅडो बेटावर ५० हेक्टरच्या तुकड्यात एक सेंटिमीटरहून जाड प्रत्येक खोड मोजतात, दोन लाखांहून जास्त खोडं, साधारण दर पाच वर्षांनी, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून. उष्णकटिबंधातली जंगलं कशी बदलतायत हे आपल्याला ज्या थोड्या ठिकाणांहून कळतं, त्यातलं हे एक. त्या आकड्यांची सगळी किंमत एकाच गोष्टीत आहे. दर वेळी तसंच मोजलं.

आपल्या धंद्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं याचंच मला नवल वाटतं. फ्रेड ब्रूक्सने १९७५ साली पुस्तक लिहून सांगून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं टाकली की उशीर वाढतो, कारण नव्या माणसाला शिकवण्यात जुन्याचा वेळ जातो. उद्या एखादा हौशी डॉक्टर आला आणि म्हणाला, "मला एक आठवडा सुट्टी आहे, तुमच्या प्रॉडक्शन सर्व्हरवर थोडं काम करू का, मला कोडिंगचं फार प्रेम आहे," तर तुम्ही त्याला पासवर्ड द्याल? चहा पाजाल आणि लिफ्टपर्यंत सोडाल. पण जंगलात मात्र आपलं प्रेम हीच पात्रता!

आणि हो, पैशाबद्दल. "काम पण करायचं आणि वर पैसे पण द्यायचे?" हा आमच्या मंडळींचा लाडका संताप. कोस्टा रिकापासून आपल्या घाटापर्यंत बरीच केंद्रं व्हॉलंटियरकडून राहण्या-जेवण्याचे पैसे घेतात, आणि अगदी बरोबर करतात. तो तांदूळ घाट चढवून आणलेला असतो. सौरदिव्याची बॅटरी कुणीतरी विकत घेतलेली असते. तुम्ही आठ दिवसांत जे काम करता त्याची किंमत वजा आहे हे वर सांगितलंच. शनिवारी रिसॉर्टला रात्रीचे आठ हजार भरताना आपल्याला काही वाटत नाही. संशोधन केंद्राने त्याच्या पाव पैसे मागितले की लगेच शोषण!

धनेशाचं बघा. मादी झाडाच्या ढोलीत शिरते, तोंड लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते आणि मोठ्या धनेशात जवळपास चार महिने नर त्या फटीतून तिला, पुढे पिल्लालाही, भरवत राहतो. नर मेला की आतलं कुटुंब धोक्यात. म्हणजे घरटं राखायचं तर चार महिने राखायला हवं. अरुणाचलात पक्के व्याघ्र प्रकल्पाशेजारच्या जंगलात २०११-१२ पासून हे काम न्यिशी गावकरी करतात. त्यातले काही पूर्वी स्वतः शिकारी होते. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन, गावबुढ्यांची घोरा आभे सोसायटी आणि वनखातं यांनी मिळून घरटी दत्तक द्यायची योजना काढली. शहरातल्या माणसाने पैसे भरायचे, त्यातून राखणदाराला पगार मिळतो, आणि भरणाऱ्याला आपल्या घरट्याची खबर. इथे शहरवाल्याचं काम काय? पैसे भरणं आणि घरी बसणं! पण हे काम कुणालाच आवडत नाही, कारण त्यात चिखलाचे बूट घालून फोटो काढता येत नाही.

स्वीडनमधल्या एका खेडेगावातल्या शाळेतल्या पोरांना हे १९८७ साली कळलं होतं. बाईंनी वर्गात वर्षावनाबद्दल शिकवलं, पोरांनी विचारलं आपण ते विकत घेऊ शकतो का, आणि पैसे जमवून कोस्टा रिकात मोंतेवेर्देजवळ जंगलाचा एक छोटा तुकडा घ्यायला लावला. मग इतर देशांतली मुलंही लागली. आज ते राखीव जंगल सुमारे २३ हजार हेक्टर आहे. त्या पोरांपैकी कुणीही "मला तिथे जाऊन एक झाड तरी लावू द्या" म्हणून हट्ट धरला नव्हता.

झाड लावण्यावरून आठवलं. एका कंपनीत (नाव जाऊ दे) असताना आम्हाला बसमध्ये घालून एका सड्यावर नेलं होतं. टोप्या, टी-शर्ट, बॅनर, खड्डे तयार. "उजाड" डोंगर हिरवा करायचा होता. सडा उजाड नसतो हो! कातळावरच्या त्या वीतभर मातीत पावसाळ्यात जी इवली फुलं येतात ती दुसरीकडे येत नाहीत. आम्ही तिथे परदेशी झाडं लावून, पुलाव खाऊन, परत आलो. पुढच्या उन्हाळ्यात बहुतेक मेली, हे त्या सड्याचं नशीब.

याउलट अण्णामलईत, वालपराईच्या चहामळ्यांमध्ये अडकलेले जंगलाचे तुकडे दुरुस्त करायचं काम दिव्या मुदप्पा, टी. आर. शंकर रामन आणि मंडळी दोन दशकांहून जास्त काळ करतायत. रस्त्याच्या कडेला पडलेल्या बिया गोळा करायच्या, स्थानिक जातींची रोपं नर्सरीत वाढवायची, घाणेरीचं रान काढायचं, पावसात लावायची आणि पुढे तण काढत राहायचं. लावणं हा त्यातला सगळ्यात सोपा दिवस. तशाच सोडून दिलेल्या तुकड्यांपेक्षा इथे झाडांच्या जाती आणि कार्बनचा साठा जास्त भरला, असा त्यांचा २०१९चा अभ्यास आहे. पण तो भरायला किती पावसाळे गेले ते मोजा, आणि मग आपली आठ दिवसांची लीव्ह त्याच्या शेजारी ठेवून बघा.

"मग काय कुणी जायचंच नाही का?" असं परवा एक मैत्रीण तावातावाने म्हणाली. "तूही असाच गेलास म्हणून तुला हे कळलं ना?" मुद्दा बरोबर आहे. मला उत्तर सुचलं नाही पटकन. जा ना, पण पाहुणे म्हणून जा. पैसे भरून, शिकायला. त्याला सेवा म्हणू नका. आणि खरंच काम करायचं असेल तर सहा महिने काढा. आगुंब्याला रॉम्युलस व्हिटेकरांनी २००५ साली केंद्र काढलं, पुढे तिथे नागराजाच्या अंगात ट्रान्समीटर बसवून त्याच्या मागे दिवसच्या दिवस फिरणारी पोरं होती. नागराज तुमचं परतीचं तिकीट बघून बिळात जात नाही.

पण सहा महिने बिनपगारी कोण काढू शकतं? ज्याच्या बापाचा पुण्यात फ्लॅट आहे तो. आमच्या त्या काकांचा मुलगा नाही काढू शकत. तो आता गोव्यात हॉटेलात काम करतो असं मध्ये कळलं. बापाइतकीच झाडं ओळखायचा. फुकट राबायला शहरातून वर्षभर माणसं मिळत असतील तर गावातल्या माणसाला पगार द्यायला पैसे कोण शोधणार? माझा खरा राग इथे आहे. आपल्या हौसेने कुणाची तरी रोजी जाते, आणि आपण घरी येऊन "लाइफ चेंजिंग" म्हणतो.

त्या डेस्कपाशी आलेल्याला मी शेवटी सीझनवॉच सांगितलं. आपल्या सोसायटीतलं एक झाड धरायचं आणि दर आठवड्याला पानं, फुलं, फळं किती ते नोंदवायचं. केरळात विषूच्या सणाला लागणारा बहावा सणाच्या कितीतरी आधीच फुलून जातो, हे तिथल्या शाळकरी मुलांनी अशाच नोंदींतून दाखवलंय. तो म्हणाला, "दर आठवड्याला? वर्षभर? जमणार नाही रे, रिलीज असतात."

माझ्या पार्किंगमधल्या बहाव्याच्याही तीन आठवड्यांच्या नोंदी राहिल्यात. रिलीज होतं.